कॅम्परमध्ये रेडिओ बसवायचाय, पण बॅटरी उतरू नये. मागे लाइट-पंख्यासाठी १०० एएचची (अँपिअर-तासांची) वेगळी बॅटरी आहे. वायरिंग कसं करू?

मागे वेगळी बॅटरी आहे म्हणता, तर रेडिओ तिच्यावरच घ्या. इंजिनच्या बॅटरीला हात लावू नका. घाटात मुक्काम केल्यावर सकाळी गाडी स्टार्ट व्हायलाच हवी.

खरी मेख दोन वायरींत आहे. कार स्टीरिओची पिवळी वायर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला कायम १२ व्होल्ट घेते, लाल वायर सेट चालू करते. गाडीत लाल वायर चावीवर असते. तुम्ही ती साध्या स्विचमधून घ्या, म्हणजे चावी न फिरवता रेडिओ लागेल आणि झोपताना पूर्ण बंद होईल. काही सेटमध्ये रंग वेगळे असतात, आधी मॅन्युअल बघा.

सेट बंद करून पिवळ्या वायरीत मल्टिमीटर (करंट मोजायचा मीटर) सिरीजमध्ये लावा, म्हणजे वायर सोडवून तिच्या दोन टोकांच्या मध्ये. १० मिलिअँपिअर दिसले तर महिन्याला जेमतेम ७ एएच जातात, चालेल. १०० च्या पुढे दिसले तर पिवळ्या वायरीवरही स्विच टाका. घड्याळ आणि स्टेशनं परत लावावी लागतील, एवढंच.

मध्यम आवाजात साधारण १ अँपिअर धरा, म्हणजे पाच तासांना ५ एएच. वेगळा अँप्लिफायर आणि सबवूफर मात्र टाळाच, बॅटरी तेच खातात. घरची म्युझिक सिस्टिम इन्व्हर्टरवर लावणंही नको, इन्व्हर्टर नुसता चालू राहूनही करंट ओढतो.

बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज टाका, सेटवर लिहिलेल्या अँपिअरचा. हे कृपया राहू देऊ नका, गाडीत तुम्ही झोपणार आहात.