कंपनी नसलेली साखळी : आमच्याकडचा सुशिला आणि भजे

तुमचा प्रश्न असा आहे : तुमच्याच भागात मिळणाऱ्या, लहानपणापासून जीव लावलेल्या एखाद्या फास्ट फूड साखळीच्या आठवणी सांगाल का?

सांगतो की. मात्र आमच्या साखळीला कंपनी नाही, बोधचिन्ह नाही, शाखा क्रमांक नाहीत. उदगीर, अहमदपूर, लातूर, अंबाजोगाई, परळी, नांदेड, कुठल्याही गावाच्या स्टँडसमोर नाहीतर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सकाळी उभे राहा. एक हॉटेल असेल, बाहेर भट्टीवर कढई असेल, आणि आत बसलं की न सांगता कळतं काय खायचं ते. एक प्लेट सुशिला, वर चार-दोन गरम भजे, कडेला कांदा, लिंबू आणि तळलेली हिरवी मिरची. मग हाफ चहा. पाट्यांवरची नावं वेगळी, मालक वेगळे, पण प्लेट एकच. साखळी म्हणजे हेच असेल, तर माझ्या लेखी महाराष्ट्रात याहून पक्की साखळी नाही.

ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : सुशिला म्हणजे भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता. पोह्यांशी तुलना सगळेच करतात, मला ती पटत नाही. पोहे मऊ आणि गुळगुळीत लागतात. सुशिल्याचा दाणा हलका असतो, दाताखाली जरा चिवटसर येतो, आणि डाळव्याच्या, म्हणजे भाजलेल्या हरभरा डाळीच्या, कुटामुळे त्याला एक खमंगपणा असतो जो पोह्यात कधी येत नाही.

मी उदगीरचा. वडील तूर आणि नंतर सोयाबीन घेऊन लातूरच्या मोंढ्यात यायचे, सुट्टी असली की मलाही आणायचे. मोंढ्यातली हॉटेलं अंधार असतानाच उघडतात, कारण हमालांचा दिवस तेव्हाच सुरू होतो. पोती उचलणाऱ्या माणसाला पोटभर हवं, पण अंगावर येणारं नको. शिवाय खिशाला परवडायला हवं. चुरमुऱ्याचं एक पोतं वजनाला हलकं, पण त्यात कितीतरी प्लेटा निघतात. वडिलांचा सौदा होईपर्यंत मला बाकड्यावर बसवून ते अडत्याकडे जायचे. शेजारी बसलेले हमाल काका आपल्या प्लेटमधला भजा माझ्याकडे सरकवायचे. भाव चांगला लागला तर परत येताना वडील जिलेबी बांधून घ्यायचे. नाही लागला तरी सुशिला मात्र ठरलेला होता. बाजार पडलेल्या दिवशीसुद्धा त्यांनी मला कधी उपाशी परत नेलं नाही, आणि ते जमायचं ते त्या प्लेटच्या किमतीमुळे. हे मला मोठं झाल्यावर कळलं.

पण मला खरं वेड लागलं ते वस्तादाच्या हाताचं. आमच्याकडे हॉटेलातल्या आचाऱ्याला वस्ताद म्हणतात. मी भट्टीशेजारी उभा राहून बघत बसायचो. चुरमुरे मोठ्या घमेल्यात ओतायचे, वरून पाणी, एकदा खालीवर केलं की लगेच दोन्ही हातांत धरून पिळायचे. सगळा खेळ इथं आहे. क्षणभर जास्त भिजले तर गिचका होतो, कमी भिजले तर खाताना घशाला टोचतात. वस्ताद घड्याळाकडे बघत नसे. पाण्यात हात घालून दाणा बोटांत दाबायचा आणि त्याला कळायचं. पिळलेले चुरमुरे दुसऱ्या परातीत मोकळे करायचे, त्यावर हळद आणि भाजलेल्या डाळव्याचा भरड कूट. कूट उरलेलं पाणी ओढून घेतो, म्हणून दाणा दाण्याला चिकटत नाही. बरेच जण घरी करताना हा कूट शेवटी वरून टाकतात आणि मग सुशिला ओला झाला म्हणतात.

मग कढई. तेल, मोहरी, जिरे, शेंगदाणे. शेंगदाण्याचं साल तडकून दाणा बदामी झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. हिरवी मिरची आणि लसूण ठेचून, कढीपत्ता, भरपूर कांदा. मीठ बेतानं, कारण चुरमुऱ्यात आधीच असतं. तांदूळ मिठाच्या पाण्यात मुरवून, वाळवून, तापलेल्या वाळूत फोडला की चुरमुरा होतो, ते मीठ त्यात राहतंच. शेवटी चुरमुरे कढईत, चारदा खालीवर, कोथिंबीर, झाकण. भिजवण्यापासून प्लेट हातात येईपर्यंत दहा-बारा मिनिटं. याहून फास्ट फूड कोणतं?

आणि या वेगाला कारण आहे. ही हॉटेलं वाढली ती एसटीच्या थांब्यांवर. आमच्या भागात सरकारी बस निजामाच्या काळापासून आहे. 1932 साली हैदराबाद संस्थानाच्या रेल्वेनं 27 बसगाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली. बस स्टँडवर थांबते ती दहा मिनिटं. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत माणसाचं खाऊन व्हायला हवं, हात धुऊन व्हायला हवेत, जमलं तर चहाही. जे पदार्थ या दहा मिनिटांत बसले तेच स्टँडवर टिकले. "भजे काढायलाव, बसा की दोन मिनिटं," हे वाक्य मी कितीतरी गावांत, कितीतरी तोंडून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटांतच भजे आलेत.

आता चव एकसारखी कशी राहिली? कुठलं मुख्यालय नाही, लिहिलेली कृती नाही. मला वाटतं, माणसं फिरली म्हणून. अहमदपूरच्या हॉटेलात कपबशा धुणारा पोरगा चार वर्षांनी कढईवर उभा राहतो, लग्न झालं की सासुरवाडीच्या गावात स्वतःचा गाडा टाकतो. त्याच्या हाताखालचा पोरगा पुढं नांदेडला जातो. हात शिकवतो, हात शिकतो.

आणि हा पसारा जिल्ह्याच्या, राज्याच्या हद्दी मानत नाही. 1956 पर्यंत आमचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले, बिदर म्हैसूर राज्यात गेलं, आणि लातूर जिल्हा तर 1982 मध्ये झाला. नकाशे बदलले, न्याहारी बदलली नाही. उत्तर कर्नाटकात हाच पदार्थ सुसला म्हणून मिळतो. आणखी खाली आंध्रातल्या कर्नूल-अनंतपूरकडे तो उग्गाणी होतो, आणि तिथंही बरोबर मिरची भजे असतातच. मित्राच्या लग्नाला त्या बाजूला गेलो होतो. सकाळी वऱ्हाडाला ती प्लेट आली आणि भाषा न कळणाऱ्या त्या गावात मला एकदम घरी आल्यासारखं झालं. वाढणाऱ्या आजींना मी हातवारे करून सांगत होतो की आमच्याकडेही हेच खातात. त्यांनी समजून आणखी वाढलं.

बारावीला लातूरला होतो. बोर्डाच्या आणि प्रवेश परीक्षांच्या कसून तयारीची जी पद्धत लातूर पॅटर्न म्हणून ओळखली जाते, तिच्यामुळे सगळ्या मराठवाड्यातून पोरं तिथं येतात. परभणीची, हिंगोलीची, पार किनवटकडची. ट्यूशनची पहिली बॅच भल्या पहाटे, मेसचा डबा थेट दुपारी. मधल्या त्या वेळात आम्हाला जगवलं ते कोपऱ्यावरच्या हॉटेलानं. मालकांना सगळी पोरं मामा म्हणायची. गल्ल्यावर उधारीची एक लांब वही असायची. घरून पैसे यायला उशीर झाला की मामा स्वतःच म्हणायचे, "लिहून ठेवतो, तू खा आधी." पहिल्यांदा घर सोडलेल्या पोराला हे वाक्य काय असतं, ते ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल. बोर्डाच्या पेपरच्या सकाळी ते आमच्याकडून भज्यांचे पैसे घेत नसत. कुणाचा पेपर कोणता आहे हे त्यांना तोंडपाठ असे. आज त्यातली पोरं डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, काही शेती करतात. भेटलो की पहिला विषय मार्कांचा नसतो, मामांच्या सुशिल्याचा असतो.

बदललं काय, तर तेल. लहानपणी अनेक ठिकाणी फोडणी करडीच्या तेलाची असायची. करडी हे आमचं रब्बीचं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचा वाणही दिला. पण काटेरी पीक, काढायला मजूर मिळेना, खरिपात सोयाबीनचा पैसा दिसला, आणि करडीचा पेरा आटत गेला. कढईतही सोयाबीनचं नाहीतर पामतेल आलं. करडीच्या तेलातला सुशिला ज्यानं खाल्लाय त्याला फरक सांगावा लागत नाही. आता लाकडी घाण्याचं करडी तेल पुन्हा मिळायला लागलंय, महाग आहे, पण मी घरी तेच आणतो.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. नागपूर-तुळजापूर महामार्ग मोठा झाला, गावांना वळसे पडले, खासगी गाड्या गावात शिरतच नाहीत. मोठ्या ढाब्यावर थांबतात, तिथं डोसा आहे, पावभाजी आहे, मंचुरियन आहे, सुशिला नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या भागातून रस्ता जातो त्या भागाची न्याहारी प्रवाशाला मिळू नये, हे बरोबर नाही. पुण्या-मुंबईच्या वडापावच्या साखळ्या आमच्याकडे आल्या, पोरं आवडीनं खातात, खाऊ देत. पण एखाद्या ढाबेवाल्यानं सकाळी आठपर्यंत तरी सुशिल्याची कढई लावावी. चालेल, माझी खात्री आहे.

मोंढ्यातली आणि स्टँडसमोरची हॉटेलं मात्र अजून तशीच चालू आहेत. तुम्ही कधी लातूरला आलात तर नऊच्या आत गंजगोलाईच्या आसपास पोचा. दहानंतर सुशिला संपतो, आणि उरलेला असला तरी तो खाण्यात अर्थ नाही, कारण गार झाला की दाणा आक्रसतो. गर्दी कुठं आहे ते बघा, हमाल आणि रिक्षावाले जिथं उभे असतील तिथं बसा. भजे आधी मागवू नका. सुशिला समोर आल्यावर कढईतून काढलेले मागा.

आणि यायला जमणार नसेल तर घरी करा. भेळेचे पातळ कुरकुरीत चुरमुरे घेऊ नका, ते पाण्यात विरतात. जाड, खारे घ्या. एका माणसाला दोन मोठ्या मुठी धरा, पिळल्यावर फार थोडे दिसतील, घाबरू नका. कूट आधी लावा, लिंबू ताटात पिळा, कढईत नाही. काही अडलं तर खाली विचारा, मी उत्तर देईन.