नव्या एसयूव्हीची थरथर: आधी चाकं बघा

नवी एसयूव्ही वेगात थरथरते आणि सर्व्हिस सेंटरवाले ‘नवीन गाडी आहे, बसेल हळूहळू’ म्हणाले, तर ऐकू नका. थरथर सहसा आपोआप बसत नाही.

आधी थंड टायरमध्ये हवा तपासा. मग अटल सेतूवर रहदारी कमी असताना ८० ते १००च्या दरम्यान, मर्यादेत राहून चालवा. स्टिअरिंग हलतंय की सीट? स्टिअरिंग असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट-फ्लोअर असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे आले तर ब्रेकची डिस्क बघा. त्याच वेगात गिअर बदलून पाहा. थरथर तशीच राहिली तर इंजिनावर संशय नको.

अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्यावर, पैसे घालवू नका. ते गाडी एका बाजूला ओढत असेल तेव्हा करायचं. इथे बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं हवं, आणि तेही समोर उभं राहून करून घ्या. माझ्या गाडीत रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून घट्ट बसला होता. तो खरवडल्यावर निम्मा त्रास गेला. मशीनवर चाक फिरताना रिमची कड डोलते का, टायर वर-खाली होतो का, नीट बघा. विक्रीआधी यार्डात महिनोन्महिने उभ्या गाडीचे टायर एका जागी चपटे होऊ शकतात. तसं असेल तर वॉरंटीत बदलून मागा, लेखी तक्रार देऊन.