शंका-समाधान: कॅल्क्युलसच्या आधीचं वर्ष

यावेळी टपालात प्रीकॅल्क्युलसवरचे इतके प्रश्न आले की बाकीचे सगळे बाजूला ठेवले आणि हेच घेतले.

प्रश्न: मुलीला पुढच्या वर्षी कॅल्क्युलस आहे. सध्या प्रीकॅल्क्युलस चालू आहे पण त्यात नुसतं फंक्शन, ग्राफ आणि सायन-कॉस. तिच्या मैत्रिणी क्लासमध्ये डेरिव्हेटिव्ह करायला पण लागल्या. ती मागे पडतेय का? सुट्टीत फॉर्म्युले पाठ करून घेऊ का? (एक आई)

उत्तर: अहो नको, अजिबात नको. डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे एखादी गोष्ट त्या क्षणी किती वेगाने बदलतेय ते काढायचे फॉर्म्युले ही कॅल्क्युलसमधली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, घात पुढे आणायचा आणि वरचा एकने कमी करायचा, एका दुपारात होतं ते. मी इतकी वर्षं पेपर तपासतेय, मार्क त्या ओळीत जातच नाहीत, त्याच्या पुढच्या ओळीत जातात, जिथे साधं बीजगणित असतं. एक्सचा वर्ग अधिक ९ या सगळ्याचं वर्गमूळ दिलं की पोरं बिनधास्त एक्स अधिक ३ लिहून मोकळी. मग मी म्हणते एक्सच्या जागी ४ टाक बघू, १६ अधिक ९ म्हणजे २५, वर्गमूळ ५, आणि तुझं उत्तर येतंय ७, तेव्हा चेहरे बघण्यासारखे होतात. दुसरं लाडकं पाप म्हणजे वर एक्स अधिक ५, खाली ५, की पाचाला पाच कापला!

ही तक्रार माझ्या एकटीची नाही बरं का. गणितज्ञ ऑयलरने १७४८ मध्ये कॅल्क्युलसच्या आधीची तयारी म्हणून दोन खंडांचा ग्रंथ काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्याचंही दुखणं हेच आहे की साधं बीजगणित धड येत नसताना विद्यार्थी वरच्या गणिताला हात घालतात आणि तिथेच अडकतात. पावणेतीनशे वर्षं झाली, आपण अजून तिथेच.

घरच्या घरी एक परीक्षा घ्या. फंक्शन द्या, एक्सचा वर्ग वजा ३एक्स. आता विचारा, एक्सच्या जागी एक्स अधिक एच टाकलं तर काय येईल? बरीच मुलं जुन्याच उत्तराच्या शेपटीला अधिक एच चिकटवतात, तसं झालं तर समजा की फंक्शन ही काय भानगड आहे तेच अजून कळलेलं नाही, आणि डेरिव्हेटिव्ह वगैरे विसरून तिथेच थांबा. दोन्ही ठिकाणी कंस घालून नीट सोडवलं असेल तर त्यातनं जुनं फंक्शन वजा करायला सांगा, उरेल त्याला एचने भागायला सांगा. २एक्स अधिक एच वजा ३ आलं पाहिजे. आता एच लहान लहान करत नेला तर काय उरतं? २एक्स वजा ३. म्हणजे डेरिव्हेटिव्ह तिने स्वतःच काढला की, फक्त नाव द्यायचं राहिलं.

आकड्यांनी पण करून बघू दे. नुसता एक्सचा वर्ग घ्या, एक्स ३ पासून ३.१ पर्यंत नेला तर सरासरी बदलाचा दर ६.१ येतो, ३.०१ पर्यंत नेला तर ६.०१, ३.००१ पर्यंत ६.००१. हे सगळं कुठे चाललंय ते तिला सांगू नका, तिच्याच तोंडून येऊ द्या.

प्रश्न: पोर्शन प्रचंड आहे, मॅट्रिक्स, कॉनिक्स, कॉम्प्लेक्स नंबर, व्हेक्टर, सगळंच. वेळ पुरत नाही. काय उरकू आणि कशावर वेळ घालवू? (एक शिक्षक)

उत्तर: सर, पुढे कॅल्क्युलस हेच डोळ्यासमोर असेल तर मॅट्रिक्स आणि कॉनिक्स खुशाल उरका. वाचलेला वेळ फंक्शनमध्ये फंक्शन कसं बसतं त्यावर घाला, कारण पुढे चेन रूल, म्हणजे अशा फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम, सगळा त्यावरच उभा आहे. एक्सच्या वर्गाचा सायन आणि सायनचा वर्ग, यात आधी काय होतं आणि नंतर काय, हे मुलाला पटकन सांगता आलं नाही तर चेन रूल तो फक्त घोकणार. इन्व्हर्सलाही, म्हणजे उत्तरावरून मूळ आकड्याकडे परत नेणाऱ्या उलट्या फंक्शनलाही वेळ द्या, फंक्शनच्या डोक्यावर वजा एक दिसला की १ भागिले फंक्शन असं लिहिणारी निम्मी तरी निघतील, आणि लॉग म्हणजे एक्स्पोनेन्शियलचा इन्व्हर्स हे न कळल्यामुळे लॉगचे नियम त्यांना आकाशातून पडल्यासारखे वाटतात.

आणि ग्राफ नुसते काढून घेऊ नका, वाचून घ्या. टोक खाली असलेल्या शंकूत एकाच वेगाने पाणी सोडलंय, पाण्याच्या उंचीचा वेळेशी ग्राफ कसा दिसेल? आधी सरसर चढेल, मग मंदावत जाईल, आणि का, यावर वर्गात भांडण लागलं तर तास सार्थकी लागला.

प्रश्न: डिग्री चांगली चालत होती की, मग रेडियन कशाला? (एक विद्यार्थी)

उत्तर: कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेव आणि ०.१ चा सायन काढ. ०.०९९८ येतो, म्हणजे जवळपास तोच आकडा परत. डिग्रीवर ०.००१७ येतो, काही संबंधच नाही. रेडियनमध्ये कोन म्हणजे वर्तुळाच्या कंसाची लांबी, त्रिज्येच्याच मापात मोजलेली, म्हणून लहान कोनाला सायन आणि कोन एकमेकांना चिकटून चालतात आणि सायनचा डेरिव्हेटिव्ह सरळ कॉस येतो. डिग्रीत राहिलास तर प्रत्येक वेळी पाय (π) भागिले १८० सोबत ओढत न्यावं लागेल, बघ हौस असेल तर. गंमत म्हणजे आर्यभटाने हेच केलं होतं. वर्तुळाचा परीघ २१६०० कला धरला (एका अंशाच्या ६० कला), त्याच कलांमध्ये त्रिज्या ३४३८ धरली, आणि त्याच्या कोष्टकात २२५ कलांच्या कंसाची ‘ज्या’, म्हणजे त्रिज्येने गुणलेला सायन, येते २२५!

प्रश्न: ग्राफ काढायचं अॅप मुलाला वापरू द्यावं का? (एक बाबा)

उत्तर: द्या, पण आधी हाताने कच्चा ग्राफ, मग अॅप. अॅप कधीकधी फसवतं. वर एक्सचा वर्ग वजा ९, खाली एक्स वजा ३, हे टाकून बघा. स्क्रीनवर सरळ रेघ दिसेल, पण एक्स ३ असताना खाली शून्य येतं, म्हणजे तिथे भोक आहे आणि ते बहुतेक वेळा दिसतच नाही. मुलाला विचारा ते भोक किती उंचीवर आहे. ६ वर. आणि हा पहिल्या उत्तरातल्या ६.१, ६.०१ वाला सहाच आहे, कारण तो भागाकार आणि हा भागाकार एकच, फक्त ३ अधिक एचला इथे एक्स म्हटलंय.