तक्ता नंतर, कांदा आधी

नववीला वनस्पती आणि प्राणी पेशींतला फरक शिकवताना फळ्यावर लगेच दोन रकाने आखू नकोस. मुलं रकाने पाठ करतात आणि पेशी विसरतात.

आधी कांदा काप. आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा, आयोडीनचा एक थेंब, कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडायची म्हणजे बुडबुडे येत नाहीत. आपल्या नागपूरच्या मार्च-एप्रिलात स्लाइड बघता बघता सुकते. ड्रॉपर हाताशी ठेव. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या विटांसारख्या रांगा दिसतात. शेजारच्या स्लाइडवर गालाच्या आतल्या पेशी, मेथिलीन ब्लूमध्ये: चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या. "ह्यांना भिंत का नाही?" एवढंच विचार आणि थांब. उत्तर त्यांच्याकडूनच येऊ दे.

कुणीतरी म्हणेलच, "मॅडम, कांद्यात हिरवं काहीच नाही!" हा प्रश्न फार मोलाचा आहे. कांदा जमिनीत वाढतो, त्या पापुद्र्यात हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कण, नसतात. म्हणजे प्रत्येक वनस्पती पेशी हिरवी नसते. हरितलवकं दाखवायला मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिला ही पाणवनस्पती आण. त्याचं पान इतकं पातळ असतं की सरळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतं.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका वनस्पती आणि प्राणी दोन्हींत असतात, हे मात्र ठासून सांग. झाडांना हरितलवक आणि प्राण्यांना तंतुकणिका, अशी वाटणी मुलं मनातच करून टाकतात.

आणि संत्र्याच्या फोडीतला रसाचा दाणा म्हणजे एक पेशी नव्हे. तो अनेक पेशींचा असतो. आपल्याकडची मुलं हे हमखास विचारतात.