मुंबईत पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवायला लायसन्स लागतं का?

तुम्ही विचारलंय की सेकंड शिफ्ट करून घरी यायला साडेअकरा वाजतात, पर्समध्ये पेपर स्प्रे असला आणि नाकाबंदीत पोलिसांनी पर्स उघडून बघितली तर काय. काही नाही हो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात याला लायसन्स वगैरे लागत नाही, मेडिकलमध्ये नाहीतर ऑनलाइन सरळ मिळतो, मी स्वतः पाच-सहा वर्षं घेऊन फिरतेय.

घोळ आहे तो वापरण्यात. स्वसंरक्षणाचा हक्क आहेच, आधी आयपीसीत म्हणजे भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४, पण तो गरजेपुरताच. म्हणजे कोणी अंगावर आला आणि तुम्ही स्प्रे मारला तर ठीक, पण तो पळत सुटलाय आणि तुम्ही मागे धावत जाऊन राग काढला, किंवा लोकलमध्ये चौथ्या सीटवरून भांडण झालं आणि बाटली काढली, तर केस तुमच्यावरच. २०२४ मध्ये कर्नाटक हायकोर्टात असंच झालं, वादावादीत स्प्रे मारला, जिवाला धोका नव्हता, कोर्टाने हे प्रथमदर्शनी धोकादायक हत्यार आहे म्हणत केस रद्द करायला नकार दिला.

आणि लोकलच्या भरलेल्या डब्यात तर काढूच नका. २०१४ च्या फेब्रुवारीत लोकसभेत वेगळ्या तेलंगणाच्या गोंधळात एका खासदाराने स्प्रे मारला होता आठवतंय का, बाकीच्या खासदारांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि ते एवढं मोठं सभागृह! इथे लेडीज डब्यात दाराशी उभ्या दहा बायका आधी खोकत बसतील.

विमानाने जाताना मात्र घरीच ठेवा, केबिन बॅग काय नि चेक-इन काय, दोन्हीत चालत नाही. मी विसरले होते, सिक्युरिटीला काढून टाकावा लागला, साडेतीनशे रुपये पाण्यात.

बाटलीवरची एक्सपायरी बघत जा, आणि ती डबा, छत्री, चार्जरच्या खाली गेली तर असून नसल्यासारखी, बाहेरच्या कप्प्यातच हवी. पहिल्यांदा मोकळ्यावर एकदा दाबून बघा पण वाऱ्याकडे पाठ करून. मी गच्चीवर उलटी उभी राहिले, सगळं माझ्याच तोंडावर, डोळे चोळले तर अजून आग, आणि खालून काकू ओरडतायत की एवढ्या रात्री मिरचीची फोडणी कोण देतंय.