मोटारीची धडक बसल्यानंतर: नव्या सायकलस्वारास सल्ला

धडकेनंतर लगेच उठून ‘मला काही झालेले नाही’ असे सांगण्याची घाई करू नये, कारण सुरुवातीला वेदना अनेकदा जाणवतच नाहीत आणि हेच वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. मान किंवा पाठ दुखत असल्यास हलू नये, हेल्मेट कोणालाही ओढून काढू देऊ नये आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी.

गाडीचा क्रमांक सर्वांत आधी टिपावा. सायकल उचलण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि एखाद्या साक्षीदाराचा फोन नंबर मागून घ्यावा, कारण गर्दी जमते तितक्याच वेगाने पांगते. चालकाने जागेवरच हजार-दोन हजार रुपये पुढे केले, तर ते घेऊन विषय मिटवू नये. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार त्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

रुग्णालयात ‘सायकलवरून पडलो’ असे मोघम न सांगता मोटारीने धडक दिल्याचे स्पष्ट नोंदवून घ्यावे. प्रत्येक मोटारीला बंधनकारक असलेल्या तृतीय पक्ष विम्यात सायकलस्वाराची दुखापतही येते. मात्र भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करताना, ज्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ही नोंद, पोलिसांतील तक्रार आणि औषधोपचारांची बिलेच उपयोगी पडतात. गाडी पळून गेली असली तरीही तक्रार नोंदवावी, कारण अशा प्रकरणांत गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांच्या भरपाईची तरतूद आहे.

पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला देऊ नये.