बागेतल्या स्वयंसेवेतून करिअर घडतं का?

पत्र : माझी मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेलं वर्षभर ती दर रविवारी एका सामूहिक बागेत स्वयंसेवक म्हणून जाते. आता म्हणते, पदवीनंतर यातच शिकायचं आणि यातच काम करायचं. आमचा विरोध नाही. पण बिनपगारी कामाला पुढे कोण विचारणार आणि विज्ञान शाखा नसताना बागेचं शिक्षण मिळणार कुठून, हे आम्हाला कळत नाही. तिला काय सांगू? – एक आई

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही शंका रास्त आहेत. नुसत्या तासांना खरोखरच कोणी विचारत नाही. ‘दोनशे तास बागकाम केलं’ असं अर्जात लिहिलं, तर वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ते तास झारीने पाणी घालण्यात गेले असतील किंवा बिघडलेली माती सुधारण्यात. मुलाखतीत विचारतात ते वेगळंच : तुझ्या जबाबदारीवर काय होतं, कोणता निर्णय तू घेतलास, का घेतलास आणि त्याचं पुढे काय झालं? त्यामुळे मुलीला आधी एवढंच सांगा, की बागेच्या समन्वयकांकडून एक वाफा सबंध वर्षासाठी मागून घे आणि त्याची वही ठेव.

वाफा मोठा नको. १.२ मीटर रुंद आणि २.४ मीटर लांब पुरेसा आहे. रुंदी १.२ मीटरच ठेवायची, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. एकदा माती तुडवली गेली की तिच्यातली हवेची पोकळी दबते आणि मुळं उथळ राहतात. सामूहिक बागांत रोपं खुरटण्यामागे हे कारण फार वेळा असतं आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

पहिलं काम माती परीक्षण. वाफ्यात पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची पातळ चकती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने काढायची, सगळं प्लास्टिकच्या बादलीत मिसळायचं, सावलीत वाळवायचं आणि त्यातली अर्धा किलो माती प्रयोगशाळेत द्यायची. जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरली तर अहवालात जस्त जास्त दिसतं. नुकतंच खत घातलेल्या जागेचा किंवा कंपोस्टच्या ढिगाखालचा नमुना घेतला तर अहवाल वाफ्याबद्दल काहीच सांगत नाही. बाग जुन्या इमारतीच्या पाडकामाच्या जागी किंवा रहदारीच्या रस्त्यालगत असेल, तर शिसं तपासायला वेगळं सांगावं लागतं. नेहमीच्या परीक्षणात ते येत नाही. शिसं सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त निघालं, तर त्या मातीत पालेभाज्या आणि कंदमुळं घेऊ नयेत. स्वच्छ माती आणून उंच वाफे करावेत.

बहुतेक भाज्यांना मातीचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा अंक, पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो. अहवाल हातात येईपर्यंत खत घालायची घाई नको, आणि हे सामूहिक बागेत सांगणं सगळ्यात अवघड जातं. दर हंगामाला प्रत्येक जण प्रेमाने शेणखत आणून टाकतो. काही वर्षांत स्फुरद (फॉस्फरस) इतकं साठतं की झाडाला लोह आणि जस्त घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, ती पाहून कोणी तरी आणखी खत घालतं. हा फेरा तुमच्या मुलीने अहवाल दाखवून थांबवला, तर तिच्या वहीतलं ते पान प्रमाणपत्राइतकं मोलाचं आहे.

कंपोस्टचं गणित तिला वाणिज्य शाखेमुळे उलट सोपं जाईल. २.८८ चौरस मीटर वाफ्यावर ५ सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे १४५ लिटर. पाण्याचंही तसंच : एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. आठवड्याला २५ मिलिमीटर धरलं तर या वाफ्याला ७२ लिटर, म्हणजे दहा लिटरच्या साधारण सात झाऱ्या, दोन-तीन वेळांत विभागून. कडक उन्हात हे पुरत नाही, ढगाळ हवेत जास्त होतं. म्हणून रोज बोट मातीत पाच-सहा सेंटिमीटर खुपसून पाहायचं आणि मगच झारी उचलायची. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडून सडतं तेव्हा लोक कॅल्शियम शोधायला निघतात. कॅल्शियम बहुधा मातीत असतंच. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असं झाल्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. आच्छादनाचा ५ ते ७ सेंटिमीटरचा थर आणि नियमित पाणी हा त्यावरचा उपाय आहे. आच्छादन मात्र खोडाला टेकवायचं नाही.

कंपोस्टचा ढीग तिने एकदा तरी स्वतः लावावा. किमान एक घनमीटर ढीग हवा. त्याहून लहान असेल तर उष्णता टिकत नाही. घनफळाने दोन-तीन भाग सुका पालापाचोळा आणि एक भाग ओला कचरा. मुठीत घट्ट दाबल्यावर जेमतेम एक-दोन थेंब पडावेत, इतकी ओल. मधलं तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढलं पाहिजे. उतरायला लागलं की ढीग उलटायचा, बाहेरचं आत घ्यायचं. अमोनियाचा उग्र वास आला तर ओलं जास्त झालं आहे, सुकं घालावं. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही. ढीग तापलाच नाही तर तो लहान तरी आहे, कोरडा तरी आहे, किंवा त्यात नत्र (नायट्रोजन) कमी आहे.

बाहेरून आणलेल्या खताबाबत एक चाचणी तिने बागेत रूढ केली तर सगळ्यांचं भलं होईल. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड ही तणनाशकं गवतावर फवारतात. ते गवत खाल्लेल्या जनावरांच्या शेणात ती टिकून राहतात आणि कंपोस्ट होऊनही लवकर नाहीशी होत नाहीत. असं खत पडलं की टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांचा शेंडा पिळवटतो, पानं वाटीसारखी वळतात आणि लोक त्याला विषाणूचा रोग समजतात. चाचणीसाठी तीन कुंड्यांत खत आणि स्वच्छ कुंडीमाती निम्मी-निम्मी घ्यायची, तीन कुंड्यांत नुसती कुंडीमाती. सगळ्यांत घेवड्याचं बी लावायचं आणि प्रत्येक कुंडीखाली वेगळी बशी ठेवायची, म्हणजे पाणी एकमेकांत मिसळत नाही. तीन आठवड्यांत उत्तर मिळतं. फक्त खताच्या कुंड्यांत पानं वळली, तर ते खत बागेत येऊ द्यायचं नाही.

वहीत काय लिहायचं? तारीख, काय दिसलं, कोणत्या कारणांचा संशय आला, त्यातलं कोणतं कशावरून बाद केलं, काय केलं आणि दोन आठवड्यांनी काय झालं. शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. निदान करताना आधी पसरण्याची रीत पाहायची. वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर एकाच वेळी, सारखंच नुकसान दिसलं तर संशय बहुधा पाणी, ऊन, रसायन यांच्यावर घ्यावा. एकाच जातीवर, ठिकठिकाणी आणि हळूहळू पसरत असेल तर कीड किंवा रोगाचा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र तपासा. वरची नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर लोह. हे असं लिहीत गेलं की हात आणि डोळे दोन्ही तयार होतात.

आता शिक्षणाकडे येते. तुमच्या मुलीसारख्यांसाठीच एक मार्ग अनेक देशांत तयार झाला आहे. घरगुती बागकाम करणाऱ्यांचे प्रश्न इतके वाढले की कृषी विस्तारातल्या, म्हणजे शेतीचं ज्ञान लोकांपर्यंत पोचवणाऱ्या, मोजक्या तज्ज्ञांना ते झेपेनात, म्हणून १९७२ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात विद्यापीठाच्या विस्तार विभागाने ‘मास्टर गार्डनर’ उपक्रम काढला. विद्यापीठाने नागरिकांना मृदाशास्त्र, वनस्पतीशास्त्र, कीड-रोगनिदान शिकवायचं आणि नागरिकांनी त्या बदल्यात ठरावीक तास लोकांना मोफत सल्ला द्यायचा. विज्ञानाची पदवी ही अट नसते. दर वर्षी स्वयंसेवेचे तास आणि निरंतर शिक्षणाचे तास दोन्ही पुरे केले तरच दर्जा टिकतो. एक गोष्ट मात्र तिने आधीच समजून घ्यावी : ही स्वयंसेवकाची ओळख आहे, शैक्षणिक पदवी नाही. स्वतःच्या व्यवसायाच्या जाहिरातीत ती वापरायला या उपक्रमांत साधारणपणे मनाई असते.

पगारी कामासाठी वेगळी प्रमाणपत्रं लागतात. ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी उद्यानविद्येच्या परीक्षा टप्प्याटप्प्याने घेते आणि दुसऱ्या स्तरापासून सुरुवात करता येते. झाडांच्या निगेत जायचं असेल तर इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरची प्रमाणित वृक्षतज्ज्ञाची परीक्षा आहे. त्या परीक्षेला बसायला सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो आणि पुढे दर तीन वर्षांत निरंतर शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या रीतीने टिकाऊ शेती-बागेची आखणी करण्याचा, मूळ आराखडा अभ्यासक्रम ७२ तासांचा असतो. तो दृष्टी देण्यासाठी चांगला आहे, पण एवढ्यावर नोकरी मिळेल असं धरू नये. अमेरिकेत उद्यान-उपचारतज्ज्ञ (बागकामाच्या मदतीने रुग्णांवर उपचार करणारा) म्हणून नोंदणी करायची तर अभ्यासाबरोबर ४८० तासांचं देखरेखीखालचं प्रशिक्षण करावं लागतं. कृषी विद्यापीठात संशोधन किंवा विस्तार अधिकारी हेच ध्येय असेल, तर स्वयंसेवेने पदवीची उणीव भरून निघणार नाही. हे तिला आजच स्पष्ट सांगा.

निरंतर शिक्षण ही निव्वळ औपचारिकता नाही. पूर्वी छाटलेल्या फांदीच्या जखमेला रंग किंवा डांबर लावायला शिकवत. अमेरिकी वनसेवेतले वैज्ञानिक ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं चिरून दाखवून दिलं, की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंत घालून तिला वेगळं पाडतं. त्यानंतर लेप लावणं थांबलं आणि फांदी खोडाला घासून न कापता तिच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर कापणं सुरू झालं. कुंडीच्या तळाशी खडे टाकल्याने निचरा सुधारतो ही समजूतही चुकीची ठरली. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहज उतरत नाही आणि ओलीचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. शिकणं वीस वर्षांपूर्वी थांबलेला माणूस आजही हेच चुकीचे सल्ले मनापासून देतो. वर्षातले तीन वर्ग ती निवडणार असेल, तर एक तिच्या आवडीचा, एक तिला न जमणाऱ्या विषयाचा आणि एक कीडनाशकांच्या सुरक्षित वापराचा असू द्या. मान्यता काढून घेतलेल्या औषधांची यादी बदलत असते.

माणसांचं कामही शिकण्यासारखं आहे आणि पगारी समन्वयकाच्या नोकरीत अर्ध्याहून जास्त वेळ तेच असतं. बागा किडीपेक्षा जास्त वेळा सुट्टीत मरतात, कारण पाण्याची पाळी कोणाची हे ठरलेलं नसतं. मुलीने एक हंगाम पाळ्यांचं वेळापत्रक, अवजारांची नोंद आणि नव्या स्वयंसेवकांचं पहिल्या दिवसाचं काम सांभाळावं. बागेचा जमाखर्च आणि अनुदानाचा अर्ज तर तिनेच मागून घ्यावा. हे येणारी माणसं बागांत कमी असतात आणि तिची पदवी इथेच कामाला येईल.

नोकऱ्यांबद्दल खरं सांगायचं, तर समन्वयकाच्या पूर्णवेळ जागा थोड्या असतात. पुष्कळशा अर्धवेळ किंवा प्रकल्पाच्या निधीपुरत्या असतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं शाळेची बाग, रोपवाटिका, बाल्कनी आणि गच्चीवरच्या बागांची देखभाल असं जोडून उत्पन्न उभं करावं लागतं. काम उन्हातलं आणि वाकून करायचं असतं. गुडघे, पाठ यांची काळजी आणि धनुर्वाताची लस आधीच घेतलेली बरी. पदवी तिने पूर्ण करावीच.

वर्ष संपलं की तिची वही दोघी मिळून उघडा. कोणती पानं भरगच्च आहेत ते पाहा. निदानाची आणि मातीची पानं जास्त असतील तर उद्यानविद्येची परीक्षा आणि पुढे विस्ताराचं काम. झाडांची असतील तर एखाद्या वृक्षनिगा पथकात उमेदवारी. आणि माणसांची, पाळ्यांची, पैशांची पानं सगळ्यात जास्त असतील, तर तिने बागेतच राहून संस्था-व्यवस्थापन शिकावं.